सिबिल स्कोअर ८०० च्या पुढे गेल्यावर ९०० कडे नेण्यासाठी काय करावे, आणि करावे का?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा ३०० ते ९०० मधला गुणांक) गेली दोन वर्षे ८०५ ते ८१५ यांच्या दरम्यान फिरत आहे. माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डे आहेत. पहिले २००९ मधले असून त्याची मर्यादा एक लाख रुपये आहे, पण ते आता जवळजवळ वापरात नाही. दुसरे २०१७ मधले, दोन लाख रुपये मर्यादेचे. किराणा, मुलीच्या शिकवणीचे शुल्क, विम्याचे हप्ते असा सगळा खर्च या दुसऱ्या कार्डावरच होत असल्यामुळे महिन्याचे बिल एक लाख दहा हजारांच्या आसपास येते आणि देय तारखेला ती पूर्ण रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होते. गृहकर्जाचा एकही हप्ता आजवर चुकलेला नाही.

मोटारीचे कर्ज मार्चमध्ये मुदतीआधीच फेडले, तर त्यानंतर स्कोअर ८१४ वरून ८०६ वर आला. कर्ज फेडल्यावर गुण कमी का व्हावेत? शिवाय कार्यालयातील एक सहकारी सांगतात की, न वापरले जाणारे जुने कार्ड बंद केले तर ‘डोक्यावरची मर्यादा’ कमी होऊन स्कोअर वाढतो. हे खरे आहे का? वर्षअखेरीस मोठे घर घेण्याचा विचार आहे, म्हणून जमल्यास ९०० च्या जवळ पोहोचावे अशी इच्छा आहे.

खतावणी

बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

मोटारीच्या कर्जाचे कोडे फारसे अवघड नाही. बंद झालेले खाते पतअहवालात (आपल्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात) राहते आणि त्यातील वेळेवर फेडीची नोंदही आपल्या बाजूनेच बोलते, परंतु चालू असलेल्या हप्त्यांच्या कर्जांपैकी एक कमी झाल्याने गणितात थोडा बदल होतो. आठ गुणांची घट ही नेहमीच्या चढउतारात मोडते. केवळ ती भरून काढण्यासाठी नवे कर्ज घेऊ नये.

आपल्या बाबतीत खरी जागा कार्डाच्या वापरात आहे; मर्यादेच्या तुलनेत तो जितका कमी दिसेल तितके स्कोअरसाठी चांगले. दोन्ही कार्डांची मिळून मर्यादा तीन लाख आहे आणि बाकी एक लाख दहा हजार, म्हणजे वापर सुमारे ३७ टक्के. एकट्या दुसऱ्या कार्डाचा हिशेब केला तर तो ५५ टक्के होतो. आपण बिल पूर्ण भरता हे उत्तमच, पण बँक ज्या तारखेची स्थिती कळवते त्या तारखेला जी बाकी असते तीच अहवालात उमटते, मग ती चार दिवसांनी शून्य होवो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. आपला सविस्तर अहवाल काढून प्रत्येक खात्यासमोरची माहिती नोंदवल्याची तारीख पाहा आणि त्याआधी मोठी रक्कम भरून टाका. त्या दिवशी वीस-पंचवीस हजारच शिल्लक दिसले, तर वापर दहा टक्क्यांच्या आत येतो. खर्चात एक रुपयाचीही काटकसर न करता स्कोअर हलण्याची शक्यता असलेला हा एकच उपाय मला ठाऊक आहे.

सहकाऱ्यांचा सल्ला मात्र मानू नये. जुने कार्ड बंद केले की मर्यादा दोन लाखांवर येईल, एकूण वापरच ५५ टक्के होईल, आणि आपले बहुधा सर्वांत जुने, अजून सुरू असलेले खातेही हातचे जाईल. उलट ते जिवंत ठेवा. एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँक ग्राहकाला कळवून सुरू करू शकते, आणि तीस दिवसांत उत्तर न दिल्यास ते बंद होते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. वीजबिलासारखा एखादा लहान खर्च त्या कार्डावर लावून द्यावा.

पश्चिमघाट

खतावणी यांचे तांत्रिक विवेचन पटते. मूळ उद्दिष्टाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. गृहकर्जाचे दर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरतात आणि बऱ्याच बँकांच्या दरपत्रकात वरचा टप्पा ७५० किंवा ८०० च्या आसपासच सुरू होतो. ८१२ आणि ८८० या दोघांना त्या खिडकीवर एकच दर मिळतो. ८०० च्या खाली घसरू नये इतकीच काळजी आपल्याला पुरेशी आहे. खालच्या टप्प्यात गेल्याने दर ०.१० टक्क्याने वाढला असे धरू. पन्नास लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर ८.४० ऐवजी ८.५० टक्के लागले, तर मासिक हप्त्यात सुमारे ३१६ रुपयांचा फरक पडतो. म्हणजे टप्पा सांभाळणे फायद्याचे, पण त्याच्या वरचे सत्तर-ऐंशी गुण निव्वळ मनाच्या समाधानासाठी.

त्यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे, असे सुचवतो. पहिली म्हणजे सध्याच्या गृहकर्जाचा दर. कर्ज घेतेवेळी आपला स्कोअर आजच्यापेक्षा कमी असेल, तर त्या वेळी ठरलेला जोखमीचा अधिभार आजही लागू असू शकतो, कारण स्कोअर सुधारला म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेला लेखी विचारावे. चल व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे बोलणी करताना आपली बाजू भक्कम असते.

दुसरी म्हणजे घरासाठीचे अर्ज. दर ‘फक्त पाहण्यासाठी’ चार-पाच संकेतस्थळांवर माहिती भरली की कर्जदात्यांच्या तितक्या चौकशा नोंदल्या जाऊ शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत, पण त्या चौकशांनी होतात. आधी तोंडी बोलून एक-दोन बँका निश्चित कराव्यात आणि मगच अर्ज करावा. बाकी, घराची किंमत ठरवताना हेही ध्यानात असू द्या की ७५ लाखांवरील गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. उरलेली रक्कम कितीही चांगला स्कोअर असला तरी खिशातूनच घालावी लागते.

एडिसनकर

अमेरिकेतील फायको स्कोअरची कमाल ८५० आहे. त्यात फेडीच्या इतिहासाला ३५ टक्के, देणे असलेल्या एकूण रकमांना ३०, खात्यांच्या वयाला १५, नव्या कर्जांना १० आणि कर्जांच्या प्रकारांना १० टक्के वजन असल्याचे ती कंपनी स्वतःच सांगते. इथेही ८५० ची हौस असणारे पुष्कळ आहेत, परंतु बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या शुल्कसूचीत ७८० हाच सर्वांत वरचा टप्पा आहे. पश्चिमघाट म्हणतात तेच इथेही लागू पडते. (भारतातला माझा आठशेच्या पुढचा स्कोअर इथे आल्यावर कोणी विचारलाही नाही, हा भाग वेगळा.)

मुळाकाठ

सर्वांचे आभार. जुने कार्ड बंद करण्याचा विचार सोडला आहे. आणखी एक शंका आहे. नव्या कर्जात पत्नी सहकर्जदार असेल. तिचा स्कोअर पतमाहिती ठेवणाऱ्या एका कंपनीकडे ७८८ तर दुसरीकडे ७४१ दिसतो, आणि २०२१ मध्ये फेडलेले फ्रिजचे कर्ज त्या दुसऱ्या अहवालात अजून चालू दाखवले आहे. बँक कोणता आकडा धरेल?

खतावणी

हा प्रश्न आपल्या ९०० पेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांची सूत्रे वेगळी आहेत, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीतच. पण ४७ गुणांच्या या तफावतीत त्या फ्रिजच्या नोंदीचा वाटा असणे शक्य आहे. बँक कोणत्या कंपनीचा अहवाल मागवते आणि दोन कर्जदारांपैकी कोणाचा स्कोअर दरासाठी धरते, हे प्रत्येक बँकेचे वेगळे धोरण असते. काही ठिकाणी दोघांपैकी कमी असलेला आकडाच विचारात घेतात. अर्जाआधी शाखेत हे स्पष्ट विचारा.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो वहिनींच्या नावाने चारही ठिकाणांहून काढा. जिथे चूक आहे तिथे ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडेही कर्ज संपल्याचे प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज द्या, कारण दुरुस्ती तिने कळवल्याशिवाय होत नाही. तीस दिवसांत निराकरण झाले नाही, तर त्यापुढे दररोज शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद आहे. वर्षअखेरीस अर्ज करायचा असेल, तर ही तक्रार याच आठवड्यात नोंदवा आणि दुरुस्त अहवाल हाती आल्यावरच बँकेची पायरी चढा.