नवीन आणलेला मासा खायला लागेपर्यंत… तुमचे अनुभव सांगा

लेकीच्या हट्टापायी निळा बेटा (फायटर मासा) आणला. आज चौथा दिवस. दाणा टाकला की वर येतो, तोंडात घेतो आणि थुंकतो. लेक शाळेतून आली की दप्तरही न उतरवता आधी टाकीपाशी जाते. तुमच्या माशाने पहिला घास कधी घेतला, कशाचा घेतला, त्याआधी तुम्ही काय केलंत, सविस्तर लिहा. आम्ही चिपळूणचे, पाणी नळाचं.

रत्नागिरी
ताई, माझ्याकडून झालेली चूक आधी सांगते. गोल्डफिश खात नाहीत म्हणून मी दिवसातून चारदा चिमूट चिमूट खाद्य टाकत होते. तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. टाकी नवी, त्यामुळे घाण पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये बसलेलेच नव्हते. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तोवर कुजलेल्या खाद्याचा अमोनिया थेट माशांच्या कल्ल्यांना जाळतो. एक मासा गेला. दुसऱ्यासाठी खाद्य पूर्ण बंद केलं, रोज पाव टाकी पाणी बदललं, तेही नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवणारं औषध टाकून. पाचव्या दिवशी उकडलेला, साल काढलेला मटार बोटाने चुरून टाकला. तो तळाशी गेला, मासा त्याच्यामागे गेला आणि ओठ पुढे काढून ओढून घेतला. मी तिथेच रडले.

वेंगुर्ले
लाईट बंद ठेवा, टाकीत नारळाची अर्धी करवंटी पालथी घाला, कडेला दार पाडून. लपायला जागा मिळाली की भीती जाते. आमची आजी म्हणाली होती, "नव्या घराक इल्यावर पयल्या दिसाक माणूस तरी पोटभर जेवता काय गो?"

कुडाळ
विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांसाठी लिहितो. आमच्या जांभ्यातल्या विहिरीला क्लोरिन नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ते पाणी मऊ आणि आम्लधर्मी, आणि गप्पींना लागतं जड पाणी. पंख मिटून कोपऱ्यात बसायचे, खाद्याकडे बघायचे नाहीत. कालवांच्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवल्या. आठवड्याभरात पंख उघडले, मग खाणं आपोआप सुरू झालं. बेटाला मात्र मऊ पाणी चालतं, त्याच्या टाकीत शिंपल्या नकोत.

मालवण
माझा क्लाऊनफिश. पाणी समुद्राचंच, कॅन भरून आणायचो. श्रावणात मासा खायचा थांबला. मोजलं तर पाण्याची घनता 1.018, हवी 1.025 च्या आसपास. खाडीतून पावसाचं पाणी किनाऱ्याला येतं, हे इथे जन्मून लक्षात आलं नव्हतं! आता मरीन सॉल्ट कालवूनच पाणी बनवतो. तेव्हा खारटपणा एकदम न वाढवता रोज थोडा थोडा वाढवला. मग आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) अंडी मिठाच्या पाण्यात फुटवली, साधारण एका दिवसात फुटतात. ती हलती नारिंगी पिल्लं दिसताच स्वारी झेपावली.

गुहागर
बेटासाठी डासांच्या अळ्या. मागीलदारच्या स्वच्छ बादलीत पावसाचं पाणी ठेवा, चहाच्या गाळणीने अळ्या काढा, साध्या पाण्यात धुवा, एका वेळी दोन-तीनच टाका. उरलेली बादली त्याच दिवशी ओता, नाहीतर घरात डेंग्यू यायचा. गटारातल्या अळ्या कधीच नकोत. अळी वळवळली की बेटा आधी थांबतो, दोन्ही डोळे तिच्यावर रोखतो, मग टपकन उचलतो. दाणे थुंकतो म्हणालात, ते मोठे असतील. पाण्यात भिजवून नखाने अर्धे करा. आणि फिल्टरचा झोत जोराचा असेल तर खाद्य टाकताना दहा मिनिटं बंद ठेवा.

चिपळूण (धागा काढणारी)
सगळ्यांचे मनापासून आभार. करवंटी ठेवली, तो त्यातच बसतो. दोन दिवस काही टाकलं नाही. आज सकाळी भिजवलेला अर्धा दाणा टाकला, दोनदा थुंकला, तिसऱ्यांदा गिळला. लेकीने शाळेत जाताना बजावलंय, दुसरा अर्धा मी आल्यावरच टाकायचा.