खानापूर ते असोगा मलप्रभेच्या काठाने जाता येतं का? मदत हवी आहे

आमच्या चालण्याच्या ग्रुपला डिसेंबरच्या पहिल्या रविवारी खानापूरहून असोग्याच्या रामलिंगेश्वर मंदिरापर्यंत नदीकाठानेच जायचं आहे. डांबरी रस्ता माहीत आहे, पण गाड्यांच्या धुळीतून चालायचं असेल तर नदीला जाण्यात अर्थच काय!

आम्ही 18 जण. दोघे सत्तरीपुढचे, एक दहा वर्षांची मुलगी. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर झेपतील. बेळगावहून सकाळच्या रेल्वेने येऊ, अंधार पडायच्या आत परत फिरायचं. भीमगडच्या जंगलाकडे जाणार नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघे पाहून आलो. थोडं अंतर बांधावरून पायवाट नीट आहे, पुढे ती उसात शिरते आणि तारेच्या कुंपणापाशी संपते. उपग्रह नकाशावर पलीकडच्या काठाला वाट दिसते, पण ती माणसांची की गुरांची कळत नाही. तिथल्या एका काकांनी "सुगी आटपू दे, मग शिवारातनं जावा" म्हटलं. उभ्या पिकातून कुणाला न्यायचं नाहीच.

तर कुठल्या काठाने सलग वाट आहे? आणि काठ बदलावा लागला, तर डिसेंबरात म्हातारी माणसं न घसरता ओलांडतील असा बंधारा किंवा उतार नेमका कुठे आहे?