कालव्याकाठच्या पबला जायचे आहे: मोटारीने जावे की सायकलने?

दांडियाबाजारकर, बडोदा

सर्वांना नमस्कार. येत्या जूनमध्ये मी आणि सौभाग्यवती सहा आठवड्यांसाठी मुलाकडे, इंग्लंडमधील लेस्टरला जात आहोत. तिथून मोटारीच्या थोड्याच अंतरावर फॉक्सटन नावाचे खेडे आहे. तेथे कालव्यावर एकाखाली एक असे दहा लॉक, म्हणजे जलपाश (दोन दरवाजांमध्ये पाणी भरून किंवा सोडून नावेला वर-खाली नेणारे हौद) आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी अगदी पाण्याला लागून पब आहेत, असे मुलाने सांगितल्यापासून माझ्या मनाने ती जागा घेतली आहे. मुलाला आठवडाभर सुटी नाही आणि रविवारी तिथे फार गर्दी असते असे तो म्हणतो. म्हणून एखाद्या मंगळवारी-बुधवारी आम्ही दोघांनीच जाऊन यावे, असा विचार आहे.

प्रश्न विचारण्यामागची पार्श्वभूमीही सांगतो. आमचा सगळा जन्म गुजरातमध्ये गेला आणि इथे राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी असल्यामुळे पब हा शब्द उच्चारला तरी सौभाग्यवतींच्या कपाळाला आठी पडते. कालवा म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर नर्मदेचा मुख्य कालवा उभा राहतो. सिमेंटचे उतरते काठ आणि पोटात धडकी भरवणारे ते वाहते पाणी! त्याच्या काठी बसून कोणी जेवते, ही कल्पनाच आम्हाला नवी आहे.

मुलाची मोटार घरी असेल, त्याच्या दोन सायकलीही आहेत. माझा भारतीय परवाना चालू आहे आणि मी रोज सकाळी कमाटीबागेपर्यंत सायकलने जातो. सौभाग्यवतींचे गुडघे मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. तिथे गेल्यावर एक ग्लास बिअर घ्यावी अशी माझी इच्छा आहे, हे लपवून ठेवत नाही. तेव्हा मोटार बरी की सायकल, आणि शाकाहारी माणसाला अशा ठिकाणी पोटभर जेवण मिळते का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मूळ रावपुरा, आता लेस्टर

काका, नमस्कार. फॉक्सटनला माझे वर्षातून चार-पाच वेळा जाणे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

परवान्याची काळजी करू नका. तिथे पाऊल ठेवल्यापासून बारा महिने तुम्हाला भारतीय परवान्यावर साधी मोटार चालवता येते आणि रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच आहे. खरी अडचण विम्याची आहे आणि पाहुणे मंडळी नेमकी तिथेच फसतात. आपल्याकडे विमा मोटारीचा असतो आणि घरातला कोणीही परवानाधारक ती बाहेर काढतो. इंग्लंडमध्ये मात्र चालवणाऱ्याचे नाव पॉलिसीत असावे लागते. मुलाच्या पॉलिसीत तुमचे नाव घातलेले नसेल, तर त्याच्याच संमतीने त्याचीच मोटार चालवणे हासुद्धा विनाविमा चालवण्याचा गुन्हा ठरतो. थोड्या दिवसांपुरते नाव घालून मिळते, पण भारतीय परवाना आणि वय पाहून कंपनी किती पैसे मागते ते आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट बिअरची. इंग्लंडमध्ये रक्तातील अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा 100 मिलिलिटरला 80 मिलिग्रॅम आहे, तर भारतात ती 30 आहे. हा फरक वाचून बरेच जण निर्धास्त होतात, परंतु तिथला पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, 568 मिलिलिटरचा असतो. ज्यांना सवय नाही, त्यांनी उपाशीपोटी तो घेतल्यावर आपण मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहोत, याचा अंदाज त्यांना स्वतःला येत नाही. मर्यादा ओलांडलेली आढळल्यास किमान एक वर्ष गाडी चालवण्यास बंदी होते. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: किल्ली ज्याच्या खिशात, त्याने लिंबूपाणी प्यावे. इथे लेमोनेड मागितल्यावर मिळते ते गोड सोडा असलेले पेय असते आणि त्यात लिंबू शोधावे लागते, हे जाता जाता सांगतो.

आता रस्त्याविषयी. शेवटचे काही मैल दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणे असलेले अरुंद रस्ते लागतात. त्यांवरची वेगमर्यादा पुष्कळदा ताशी 60 मैल असते, पण ती मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. कालव्यावरचे जुने पूल उंटाच्या पाठीसारखे मधे उंचावलेले असतात आणि माथ्यावर पोचेपर्यंत समोरचे वाहन दिसत नाही. तेथे वेग अगदी कमी करावा आणि गरज वाटल्यास हॉर्न वाजवावा. फॉक्सटनला लॉकच्या वरच्या अंगाला पैसे देऊन गाडी लावण्याची मोठी जागा आहे. तेथून कालव्याच्या कडेने उतरत पायथ्याशी यायचे. काकूंना उतरताना त्रास होणार नाही, परतीची चढण मात्र आहे.

पबच्या स्वतःच्या आवारात गाडी लावलीत, तर आत शिरताच गाडीचा नंबर कुठे नोंदवायचा ते काउंटरवर विचारा. दुसऱ्या एका गावच्या पबमध्ये, त्याचे नाव लिहीत नाही, आम्ही चौघे तब्बल दोन तास जेवलो, पण दाराजवळच्या यंत्रात नंबर टाकायचा राहून गेला. कॅमेऱ्याने गाडी टिपली होती. पंधरा दिवसांनी शंभर पौंडांची मागणी करणारे पत्र घरी आले आणि जेवणाचे बिल जपून ठेवले होते म्हणूनच ते प्रकरण मिटले.

एकूण माझे मत असे की काकूंचे गुडघे पाहता मोटारीने जावे आणि बिअरचा बेत रविवारी मुलगा सोबत असताना करावा.

सायकलवाली मावशी

वरील माहिती अचूक आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. मोटारीने थेट लॉकच्या डोक्यावर जाऊन उतरणे म्हणजे कालवा पाहणे नव्हे.

लेस्टरहून मार्केट हारबरो या गावाला आगगाडीने साधारण पंधरा मिनिटांत पोचता येते. त्या गावातल्या युनियन व्हार्फ या धक्क्यापासून कालव्याचा एक फाटा निघतो आणि सुमारे साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर वळणे घेत फॉक्सटनच्या पायथ्याशी मुख्य कालव्याला मिळतो. या फाट्यावर एकही लॉक नाही, म्हणजेच वाट पूर्ण सपाट आहे. सायकल चालवणाऱ्याला याहून अधिक काय हवे? काठची वाट तिथे टोपाथ म्हणून ओळखली जाते. इंजिने येण्यापूर्वी घोडे या वाटेवरून चालत आणि दोराने नावा ओढत. जुन्या पुलांच्या कडांवर त्या दोरांनी पाडलेल्या खाचा काही ठिकाणी अजून दिसतात. पुलाखाली थांबून त्या खाचांवरून हाताचे बोट फिरवून पाहा.

काकांनी हे मात्र ध्यानात ठेवावे की टोपाथवर पहिला मान पायी चालणाऱ्यांचा आहे. पुलाखाली वाट इतकी अरुंद आणि आंधळी होते की घंटी वाजवून उतरणे हेच शहाणपणाचे. काही ठिकाणी पृष्ठभाग खडबडीत असतो, पावसानंतर चिखल होतो. काठावरच्या नेटल नावाच्या झाडाला उघडी पोटरी लागली की तासभर आग होत राहते, म्हणून जूनमध्येसुद्धा पूर्ण पँट घालावी. आगगाडीत सायकल न्यायची असल्यास तिची जागा आधी राखून ठेवावी लागते.

काकूंसाठी विजेवर चालणारी सायकल भाड्याने मिळाली तर पाहावे. तिथल्या नियमाप्रमाणे 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी साडेपंधरा मैलांच्या वेगानंतर विजेच्या यंत्राची मदत बंद होणाऱ्या सायकलीला परवाना लागत नाही. अंधाराची भीती बाळगू नये, कारण जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो.

बिअरचे म्हणाल, तर सायकलस्वाराला मोटारीसारखी आकड्यात मोजलेली मर्यादा नाही. पण नशेमुळे नीट चालवता येत नसताना सायकल चालवणे हा 1988 च्या वाहतूक कायद्याखाली गुन्हाच आहे आणि दंड 1000 पौंडांपर्यंत होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी एका हाताला कठडा नसलेले पाणी आहे, हे विसरू नये. अर्धा पाइंट घ्यावा, जेवावे, तासभर लॉकवर रेंगाळावे आणि मग निघावे.

रेंगाळण्यासारखे तिथे खूप आहे. हे दहा लॉक 1814 मध्ये खुले झाले. पाच-पाचांच्या दोन जिन्यांत ते बांधलेले आहेत. जिना अशासाठी म्हणतात की वरच्या लॉकचा खालचा दरवाजा हाच खालच्या लॉकचा वरचा दरवाजा असतो. नाव अशा रीतीने 75 फूट चढते किंवा उतरते आणि त्याला पाऊण ते एक तास लागतो. जिन्यात दोन नावा समोरासमोर आल्या तर कोणालाच सरकता येत नाही, म्हणून दोन जिन्यांच्या मधे एकमेकींना ओलांडण्यापुरता डोह ठेवला आहे आणि नावा सोडण्याचा क्रम तिथले लॉककीपर ठरवतात. हा खोळंबा टाळण्यासाठी 1900 मध्ये शेजारच्या उतारावर नावा पाण्याच्या टाकीसकट वर ओढणारे वाफेचे यंत्र बसवले होते. ते जेमतेम दहा वर्षे चालले आणि आता तिथे लहानसे संग्रहालय आहे. दरवाजाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलणाऱ्यांना मदत हवी का, असे विचारून पाहा. बहुतेक वेळा होकार मिळतो.

खंडेराव मार्केटजवळची

जेवणाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. गेल्या वर्षी आईला घेऊन मी तिथल्याच एका पबमध्ये गेले होते. आईसुद्धा काकूंसारखीच दाराशी अडली होती. आत एक आजोबा कुत्र्याला पायाशी घेऊन वर्तमानपत्र वाचत होते आणि शेजारच्या टेबलावर लहान मुले आइस्क्रीम खात होती, हे पाहून ती गुपचूप आत आली.

वेटर येईल म्हणून बसून राहू नका. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून आपणच काउंटरवर जाऊन मागायचे आणि पैसे बहुधा तिथेच द्यायचे. रांग दिसत नसली तरी कोण आधी आले ते सर्वांच्या लक्षात असते. साधे पाणी मागितले तर फुकट द्यावेच लागते. खेड्यातल्या कित्येक पबांचे स्वयंपाकघर दुपारच्या जेवणानंतर बंद होते आणि थेट संध्याकाळी उघडते, म्हणून वेळ आधी फोनवर विचारून निघा.

शाकाहारी पदार्थांत अंडे चालते असे तिथे धरतात. अंडे नको असेल तर व्हीगन हा शब्द वापरा. चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हेही विचारायला लाजू नका. नेमका चतुर्थीचा दिवस निघाला म्हणून आईने सालीसकट भाजलेला अख्खा बटाटा नुसते लोणी घालून घेतला आणि उपास मोडला नाही याचे तिला फार समाधान वाटले.

दांडियाबाजारकर, बडोदा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगळे वाचून दाखवल्यावर सौभाग्यवतींनी जो निर्णय दिला, तो असा: आगगाडीने मार्केट हारबरोला जायचे, तिथून त्यांच्यासाठी टॅक्सी करायची, मी सायकलने कालव्याकाठून यायचे आणि जो आधी पोचेल त्याने टेबल धरायचे. विम्याचा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. परतताना मात्र मी अर्धाच पाइंट घेतला आहे की नाही, हे त्या स्वतः पाहणार आहेत.

एकच शंका राहिली. त्या सोबत थेपले आणि छुंद्याचा डबा नेणार म्हणतात. पबच्या टेबलावर तो उघडलेला चालेल का?

मूळ रावपुरा, आता लेस्टर

पबच्या टेबलावर नको, काका. बाहेरच्या बाकांवरही नको, कारण तेही पबचेच असतात. लॉकच्या कडेच्या गवतावर बसून खुशाल उघडा. फक्त बदके आणि हंस अंगावर येतात, म्हणून डब्याचे झाकण हाताशी ठेवा.