मदत हवी आहे : रेंज नसलेल्या वाडीवर मोबाइलवरून कसे शिकवावे?

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गाला शिकवतो. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर त्या पाठाचे साहित्य उघडते, हे आपण जाणताच. परंतु आमच्याकडे रेंज फक्त देवळामागच्या चढावर मिळत असल्याने मी तालुक्याला गेलो की व्हिडिओ डाउनलोड करून आणतो आणि माझ्या एकाच मोबाइलभोवती 19 मुले बसवून दाखवतो. व्हिडिओत अपूर्णांक समजावण्यासाठी कापलेली भाकरी मागच्यांना दिसतच नाही, नुसता आवाज ऐकू येतो.

सहा पालक शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी आपला फोन देण्यास तयार आहेत. (तो चार्ज केलेला असेल, याची हमी मात्र कोणी देत नाही.) शाळेत एक जुना लॅपटॉपही आहे. त्यावर कोलिब्री हे इंटरनेटशिवाय चालणारे सॉफ्टवेअर बसवले, तर हॉटस्पॉटने जोडलेल्या मोबाइलवर त्यात साठवलेले साहित्य ब्राउझरमधून पाहता येते. हा प्रयोग कोणी प्रत्यक्ष वर्गात केला आहे का? त्यात आपण स्वतः तयार केलेले मराठी व्हिडिओ कसे घालावेत, आणि जुन्या लॅपटॉपवर सहा मोबाइलचा भार पडल्यास व्हिडिओ अडखळतो का, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.

आणखी एक अडचण अशी, की पालकांच्या फोनवर तास चालू असतानाच व्हॉट्सॲपचे निरोप येऊन पडतात, आणि मुले ते मोठ्याने वाचतात. फक्त एकच ॲप उघडे राहील, अशी सोय त्या फोनमध्ये कशी करावी?