‘फ्लिप्ड क्लासरूम’ला मराठीत काय म्हणावं?

रेघोटी

नववी-दहावीला गणित शिकवते. जूनपासून एक प्रयोग चाललाय. लॅपटॉपवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडायचं, आकृती काढत काढत बोलायचं, पडद्यावर दिसतं ते आवाजासकट रेकॉर्ड करायचं आणि ते सात-आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकायचं. दुसऱ्या दिवशी तासाला मी शिकवत नाही. मुलं सरावसंच सोडवतात, मी बाकांमधून फिरते.

पालकसभेच्या सूचनेत मी याला ‘उलटा वर्ग’ असं लिहिलं. सभेत एक आजोबा उभे राहिले, “म्हणजे मुलं शिकवणार आणि बाई बाकावर बसणार?” दुसऱ्या दिवशी दहावीतला एक पठ्ठ्या, “बाई, वर्गाचं उलट वर्गमूळ ना?” गणिताच्या बाईने यावर काय बोलावं!

तर दोन शब्द हवेत. एक स्क्रीनकास्टला, म्हणजे पडद्याच्या या रेकॉर्डिंगला, आणि एक फ्लिप्डला, म्हणजे धडा घरी आणि सराव वर्गात या पद्धतीला. पालकांना कळतील असे.

बी_बियाणे

‘कास्ट’चं मूळ शेतात आहे. ब्रॉडकास्ट म्हणजे मुळात मुठीने बी फेकत जाणं, आपल्याकडे त्याला फोकून पेरणं म्हणतात. रेडिओ आला तेव्हा तोच शब्द आवाजाला लागला, आणि पुढे त्याचं शेपूट तोडून पॉडकास्ट, स्क्रीनकास्ट झाले. स्क्रीनकास्ट हा शब्द रुळला तो २००४ सालापासून. जॉन उडेल हे तंत्रज्ञानावर लिहिणारे गृहस्थ, त्यांनी वाचकांनाच विचारलं होतं की या प्रकाराला नाव सुचवा. म्हणजे इंग्रजीतही तो अशाच गप्पांतून आलाय, आपण लाजायचं कारण नाही.

पण ताई, तुमचं फोकणं नव्हे. फोकलेलं बी पडेल तिथे पडतं. तुम्ही एका तुकडीसाठी, एका प्रमेयापुरतं करताय, ही टोकण झाली, नेमक्या जागी एकेक बी लावणं.

जुना_पंतोजी

स्क्रीनकास्ट : पटलमुद्रित पाठ. फ्लिप्ड लर्निंग : व्युत्क्रमित अध्ययन. दोन्ही व्युत्पत्तीला धरून आहेत.

अर्धविराम

पंतोजी, ‘पालकांना कळतील असे’ ही अट होती! ‘व्युत्क्रमित’ सूचनेत लिहिलं तर आजोबा परत उभे राहतील, आणि या वेळी त्यांचंच बरोबर असेल.

फ्लिपला आपल्याकडे क्रियापदं ढीगभर आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पलटी गाडी होते, नाहीतर माणूस शब्द देऊन मारतो. उलथलं की सरकार पडतं. ‘विपरीत’ला बुद्धीशिवाय करमत नाही. आणि ‘पालथा वर्ग’ म्हणालात तर संपलंच, पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण नेमकी शिकवण्यावरचीच. राहता राहिलं ‘परतणे’. धिरडं परततात तसा परतलेला वर्ग! पण लोकांना वाटेल वर्ग कुठेतरी गेला होता आणि आता परत आला.

इंग्रजीतही हे एका झटक्यात ठरलं नव्हतं. २००० साली ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या तीन अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी याच कल्पनेवर लेख लिहिला, तेव्हा त्यांनी ‘इन्व्हर्ट’ हा शब्द वापरला. ‘फ्लिप’ हा शब्द लोकप्रिय झाला तो जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स यांच्यामुळे. हे दोघे कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. खेळांच्या सामन्यांना वगैरे बाहेरगावी गेलेल्या मुलांचे तास बुडत, म्हणून २००७मध्ये त्यांनी धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की न बुडवणारी मुलंही ते बघतायत. म्हणजे उलटंपालटं करायचं म्हणून कोणी निघालं नव्हतं, बुडालेला तास भरून काढायचा होता. शब्द मागून आला.

पाटीपुस्तक

सगळे ‘उलटा’वर अडकलात. शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. गृहपाठ.

फोड करून बघा. गृह अधिक पाठ. पाठ घरी. शिक्षक वर्गात देतात तो पाठ, पाठ्यपुस्तकात असतो तो पाठ. मग गृहपाठ म्हणजे घरी घ्यायचा धडा व्हायला हवा होता. आपण तो शब्द दिला कशाला, तर शाळेत शिकून झाल्यावर घरी करायच्या आकडेमोडीला. ‘स्वाध्याय’चंही तेच. स्वतःहून केलेलं अध्ययन असा भारदस्त शब्द, आणि आज त्याचा अर्थ धड्याखालचे प्रश्न. रेघोटीताईंच्या वर्गात गृहपाठ पहिल्यांदाच शब्दाप्रमाणे वागतोय. उलटा त्यांचा वर्ग नाही, उलटा आपला वापर होता.

(हा पाठ पुल्लिंगी बरं. स्त्रीलिंगी पाठ असती तर गृहपाठ म्हणजे घराकडे फिरवलेली पाठ झाली असती. आमच्या वेळी तसंच होतं.)

जुना_पंतोजी

फोड बरोबर आहे. पण शब्दाचा अर्थ फोडीवर चालत नाही, रूढीवर चालतो. ‘आजचा गृहपाठ’ म्हटलं की पालक वही उघडून उदाहरणं शोधणार.

रेघोटी

पंतोजी सर, तोच घोटाळा पहिल्या आठवड्यात झाला. एका आईचा निरोप, “बाई, गृहपाठ दिलाच नाहीत, नुसता व्हिडिओ आलाय.”

मला स्वतःला भूमितीतला शब्द खुणावतोय, व्यत्यास. दहावीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात प्रमाणाचं मूलभूत प्रमेय येतं, पाठोपाठ त्याचा व्यत्यास. पक्ष (दिलेलं) आणि साध्य (सिद्ध करायचं) यांची अदलाबदल. माझ्या वर्गात हेच झालंय, काहीही डोक्यावर उभं राहिलेलं नाही. घरचं शाळेत आलं, शाळेतलं घरी गेलं.

आणि या शब्दात एक खोच आहे, ती मला फार आवडते. प्रमेय खरं असलं तरी त्याचा व्यत्यास खरा असेलच असं नाही. चौरसाचे कर्ण एकमेकांना लंब असतात, पण कर्ण लंब दिसले म्हणून चौकोन चौरस ठरत नाही, पतंगही असू शकतो. तसंच इथे. वर्गात समोर बसून ऐकलेलं घरी सोडवता येतं, म्हणून घरी ऐकलेलं वर्गात सोडवता येईलच असं कुठे आहे? त्यासाठी घरी ऐकता यायला हवं. माझ्या तुकडीत काही घरांत एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर दुसऱ्या पाळीला जातो. त्या मुलांना मी सकाळी प्रार्थनेआधी माझ्या लॅपटॉपवर दाखवते. तिघं-चौघं खुर्ची ओढून बसतात. हा कुठला पाठ म्हणायचा, गृह की वर्ग?

अर्धविराम

वऱ्हांडापाठ!

व्यत्यास सुरेख आहे ताई, पण तो स्टाफरूममध्ये ठेवा. आजोबांना नको.

बी_बियाणे

स्क्रीनकास्टचं राहिलंच. ‘चित्रफीत’ चालेल?

रेघोटी

चित्रफितीत माणूस दिसतो. यात मी दिसतच नाही, फक्त रेषा सरकतात आणि आवाज येतो. मुलांनीच एक शब्द काढलाय, ‘फळाफीत’. फीत जगातून केव्हाच गेली, शब्दात तेवढी उरली आहे, आणि आमच्याकडे फळाही आता हिरवा आहे. पण ऐकताच कळतं.

जुना_पंतोजी

फळाफीत. षष्ठी तत्पुरुष. अनेकवचन फळाफिती, ‘फळाफीती’ नव्हे. मान्य.

रेघोटी

मग नवी सूचना अशी लिहिते, सगळ्यांनी बघून घ्या :

‘समरूपता, फळाफीत २, वेळ सव्वासात मिनिटं. घरी वही-पेन घेऊन बघावी. आकृती सोबत काढावी. सरावसंच उद्या वर्गात सोडवायचा आहे, घरी सोडवून आणू नये.’

फ्लिप्डला शब्दच वापरला नाही. गरज पडली नाही.

पाटीपुस्तक

‘घरी सोडवून आणू नये’ हे वाक्य शाळेच्या सूचनेत वाचायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो.

एकच विचारतो. पाचव्या मिनिटाला मागे कुकरची शिट्टी आहे म्हणे?

रेघोटी

कोणी सांगितलं? पुन्हा रेकॉर्ड करणार होते, मुलांनी करू दिलं नाही. शिट्टी झाली की व्हिडिओ थांबवायचा आणि पुढची पायरी आधी स्वतः लिहायची, असा त्यांनी नियमच केलाय. तिसऱ्या फितीत शिट्टी नव्हती, तर ग्रुपवर तक्रार आली.