मदत हवी: थ्री-फिफ्टीन (.३१५) रायफलचा नवा दस्ता बसत नाही

वाळपयकर_७:
नवा दस्ता मागवला, अक्रोडाचा. जुना निघता निघत नव्हता, दस्ता आवळणारा बोल्ट जाम. जोर लावला तेव्हा कट्ट झालं आणि सुटला. नवा रायफलीच्या मागच्या सॉकेटात (खोबणीत) पूर्ण जात नाही, करंगळी मावेल एवढी फट राहते. तासू का? भात पोटरीला आलंय, डुकरं रोज रात्री येतात. लवकर सांगा.

जुना_नेमबाज:
कुठली रायफल ते लिही आधी.

वाळपयकर_७:
दुसरी कुठली असणार? इशापूर कारखान्याची, आजोबांची.

माडाखाली:
आजोबांच्या नावाचा परवाना असेल तर दस्ता राहू दे, आधी ते कागद बघ.

वाळपयकर_७:
माझ्या नावावर होऊन तीन वर्षं झाली. दस्त्याचं बोला ना!

काजूवाला:
सौर कुंपण घाल. मी घातलं, एक डुक्कर फिरकलं नाही.

धारबांदोडा_बाब:
काजूवाल्या, गवेरेडा आला की तुझं कुंपण गळ्यात घालून जातो. आणि परवाना पीक राखायचा आहे, शिकारीचा नव्हे. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, डुक्कर मारायलासुद्धा परवानगी लागते.

जुना_नेमबाज:
अरे, थांबा जरा. वाळपयकर, तो 'कट्ट' मला खटकतोय. बोल्ट फिरवण्याआधी पुढचं लाकूड उतरवलं होतंस का?

वाळपयकर_७:
नाही. दस्ता मागे आहे, पुढचं कशाला काढू?

जुना_नेमबाज:
झालं! ही जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी रायफलची घडण. दस्त्याच्या बोल्टचं टोक चौकोनी असतं, ते सॉकेटातून पुढे येऊन पुढच्या लाकडातल्या पत्रीत (धातूच्या छोट्या पट्टीत) अडकतं, बोल्ट सैल होऊ नये म्हणून. तसाच फिरवला की पत्री वळते, लाकूड चिरतं. गोळ्या नाहीत हे दोनदा बघ, मॅगझिन काढ, ट्रिगर गार्डचे स्क्रू सोड आणि पुढचं लाकूड उतरव. ओढू नकोस, हलवत हलवत.

नवा दस्ता तासू तर मुळीच नकोस. सॉकेटात आतून समईचं काजळ लाव, दस्ता हाताने दाबून घाल, काढ. लाकडावर काळं लागेल तेवढंच ब्लेडने खरवड. परत घाल. मला वीसेक फेऱ्या लागल्या होत्या. शेवटी बोल्ट आवळताना चौकोन पत्रीच्या खाचेसमोर सरळ आला पाहिजे.

पेडण्याचो:
एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅराल्डाइट भर, दस्ता घट्ट.

जुना_नेमबाज:
आणि पुढच्या वेळी काढणार कसा, कोयत्याने?

माडाखाली:
माझी रायफल गेल्या निवडणुकीत चौकीत जमा होती. परत मिळाली तेव्हा दस्त्यावर बुरशी, पांढरी, केसाळ. जवसाचं तेल लावून लावून हात दुखले. पावसात लाकूड फुगतंच म्हणा.

हवाई_छरा:
एअरगनचा दस्ता पण असाच बदलतात का? माझी ४.५ मिमी आहे.

वाळपयकर_७:
उतरवलं. मागच्या टोकाला चीर आहे, नख अडकतं एवढी. पत्री वाकलीय. नेमबाजकाका, तुमचं बरोबर. आता हे लाकूड चालेल?

जुना_नेमबाज:
चीर गेलेल्या लाकडावर बार काढू नकोस. परवानावाल्या दुरुस्तीवाल्याला दाखव, बदललेलंच बरं. दस्ता तोवर घरी काजळ लावून बसव.

वाळपयकर_७:
आणि डुकरं?

पेडण्याचो:
पत्र्याचा डबा वाजव, पात्रांव. आणि लाकूडच पाहिजे असेल तर माझ्याकडे फणसाची फळी पडून आहे, ने.