'नको असेल तर सोडा' म्हणणाऱ्यांसाठी

कडूलिंब

कालच्या चर्चेत उंटावरचा शहाणा यांनी पिंक टाकली: "गूगल, ॲपल, मेटा मोठ्या झाल्या कारण लोकांना त्या आवडल्या. नको असेल तर सोडा, कोणी हात धरलाय?" उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

हात धरण्याचेच पैसे मोजले जातात, साहेब. अमेरिकेतल्या सर्च खटल्यात बाहेर आलेले आकडे बघा. डीफॉल्ट सर्च इंजिन राहण्यासाठी गूगलने २०२१ मध्ये फोनवाल्यांना आणि ब्राउझरवाल्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज. लोक आपणहून येत असतील तर हा खर्च कशापायी? सेटिंगमध्ये जाऊन सर्च इंजिन बदलणं काही टॅपांचं काम, पण बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत. किंमत आहे ती या न फिरकण्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला तो उगीच नाही.

ॲप स्टोअरचंही तेच. कमिशन ३० टक्के, वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या डेव्हलपरना १५. बाहेर पैसे भरायची लिंक द्या असं कोर्टाने सांगितल्यावर ॲपलने त्या बाहेरच्या व्यवहारावर २७ टक्के लावले! वर पेमेंट गेटवेचे साधारण तीन टक्के धरा आणि बेरीज करा. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने हा आदेशभंग ठरवला, पण खटला २०२० चा होता. पाच वर्षांत लहान डेव्हलपर तगतो का?

उपाय एकच, तुकडे करा. १९८४ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीचे केलेच होते.

उंटावरचा शहाणा

सोयीचं तेवढं वाचायची हातोटी दांडगी आहे तुमची. याच मेहतांनी सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावायची मागणी फेटाळली. पैसे देण्यावरही सरसकट बंदी नाही. एक्सक्लुझिव्ह करार बंद आणि सर्चचा काही डेटा स्पर्धकांना द्यायचा, बस्स. मेटाने इन्स्टाग्राम १ अब्जाला (२०१२) आणि व्हॉट्सॲप १९ अब्जाला (२०१४) घेतलं म्हणून गळा काढणारे तुमच्यासारखेच. त्यावरून मेटावर भरलेला खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार हरलं, कारण टिकटॉक आणि यूट्यूब मोजल्यावर मक्तेदारी उरतच नव्हती.

एटी अँड टीचं पुढे काय झालं तेही सांगा की. सात प्रादेशिक कंपन्या झाल्या, मग त्या एकमेकींना गिळत सुटल्या, आणि २००५ मध्ये त्यांच्यातल्याच एसबीसीने आईला विकत घेऊन तिचं नाव लावलं.

सोडायचं तर टेकआउटमधून (गूगलची डेटा उतरवून घ्यायची सोय) डेटा काढा, स्वतःच्या डोमेनवर (आपल्या नावाच्या वेबपत्त्यावर) मेल घ्या. एका संध्याकाळचं काम. रडगाणं कशाला?

वेंधळी

'एका संध्याकाळचं काम' हे वाक्य फ्रेम करून ठेवा.

टेकआउट दोन-दोन जीबीचे तुकडे पाडतं. आधी ५० जीबी निवडा, नाहीतर तुकडे मोजत बसाल. लिंक साधारण आठवडाभर चालते, मग पुन्हा मागणी. खरी गोम फोटोंत आहे. कॅमेऱ्याने घातलेली एक्झिफ तारीख फाइलमध्येच असते, ते फोटो बचावतात. चॅटमधून आलेले, स्कॅन केलेले किंवा तुम्ही ॲपमध्ये तारीख दुरुस्त केलेले फोटो असतील तर ती माहिती शेजारच्या जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जाते. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या, असंही होतं. लांब नावं मध्येच कापली जातात, त्यामुळे जोड्या जुळत नाहीत. म्हणून सगळ्या झिप आधी एकाच फोल्डरमध्ये उघडा आणि मगच एक्झिफटूल (तारखा फोटोत परत घालणारा प्रोग्राम) चालवा. जेसनमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, ती स्थानिक करायला विसरलात तर रात्रीचे फोटो आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी जाऊन बसतात.

आणि 'गूगलने साइन इन करा' म्हणून उघडलेली खाती? ती टेकआउटमध्ये येत नाहीत. प्रत्येक साइटवर जाऊन आधी पासवर्ड लावायचा, मग ईमेल बदलायचा. क्रम उलटा झाला की खात्याबाहेर. जुनं खातंही सोडून चालत नाही, दोन वर्षं हात लावला नाही तर डिलीट होऊ शकतं.

टपालखातं

मेलचा विषय काढलात म्हणून. स्वतःचा सर्व्हर लावून बघा, मग बोलू सत्तेबद्दल.

बहुतेक होस्टिंगवाले पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बंदच देतात, अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. मग आयपीचा (सर्व्हरच्या आकडी पत्त्याचा) पीटीआर, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी नोंद, सर्व्हरच्या नावाशी जुळवा. एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप (इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीत शोध) झाले की अख्खा रेकॉर्ड बाद. डीकिमची (मेलवरची डिजिटल सही) २०४८ बिटची की डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदीच्या एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही. मर्यादा २५५ अक्षरांची, दोन अवतरणांत तोडून द्यावी लागते. डीमार्क (या दोन्हीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) आधी नुसतं निरीक्षणावर ठेवा, रिपोर्ट वाचा, मग क्वारंटाइन, म्हणजे स्पॅममध्ये टाका.

एवढं बिनचूक करूनही लॉगमध्ये '२५० ओके' (मेल स्वीकारला) दिसतं आणि मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडलेला असतो. बाउन्स नाही, कारण नाही, दाद मागायची सोय नाही. आयपी नवा, एवढाच गुन्हा. मेलचा प्रोटोकॉल आजही खुला आहे, कोणाच्या बापाचा नाही. पण इनबॉक्सचं दार दोन-तीन कंपन्यांच्या हातात. तुकडे करून हे दार कसं उघडणार, ते कडूलिंबांनी सांगावं.

उंटावरचा शहाणा

स्पॅम कोणी थांबवायचा मग? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही लागतात, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यावं लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. वाचणाऱ्याचं भलंच झालं त्यात.

सर्व्हर लावा असं मी म्हणालोच नव्हतो. डोमेन आपलं, होस्टिंग पैसे देऊन दुसऱ्याचं. आदल्या दिवशी एमएक्सचा (डोमेनचा मेल कुठे जायचा ती नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी लक्षात ठेवायचा काळ, ३०० सेकंदांवर आणा, मेलबॉक्स आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) कॉपी करा, एमएक्स बदला, दोन दिवसांनी पुन्हा कॉपी फिरवा. झालं!

कडूलिंब

धागा ताकदीबद्दल आहे, टपालाबद्दल नाही!! मंडळी, क्लाउडच्या (भाड्याच्या सर्व्हरच्या) मुद्द्यावर या.

डेटा आत टाकायला फुकट, बाहेर काढायला एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनचं क्लाउड) ठरलेला दर पहिल्या दहा टीबीला जीबीमागे ९ सेंट. ५० टीबी बाहेर काढायचे म्हणजे साधारण ४,४०० डॉलर. २०२४ मध्ये आधी गूगल आणि मग ॲमेझॉनने 'सोडून जाणाऱ्यांना माफ' म्हणून जाहीर केलं. युरोपचा डेटा कायदा डोक्यावर आल्यावर सुचलेला उदारपणा. जानेवारी २०२७ पासून तिथे असे शुल्क घेताच येणार नाही. सोडून जाणं स्वस्त झालं ते कायद्याने, उंटावरच्यांच्या बाजाराने नव्हे.

वेंधळी

आणि शुल्क माफ झालं तरी डायनॅमोडीबीवर (ॲमेझॉनचाच डेटाबेस) लिहिलेला कोड उचलून पोस्टग्रेसवर (खुला डेटाबेस) चालत नाही. पार्टिशन की (डेटा कुठे ठेवायचा ते ठरवणारा रकाना) धरून मांडलेला डेटा टेबलांत नव्याने मांडावा लागतो, प्रत्येक क्वेरी पुन्हा लिहावी लागते. त्याचं बिल कोणताच कायदा माफ करत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाच रीजनमध्ये (डेटा सेंटरच्या एका गटात) याच डायनॅमोडीबीचं डीएनएस बिघडलं तेव्हा किती सेवा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी पाहिलंच.

उंटावरचा शहाणा

बरं बाबा, एका संध्याकाळऐवजी एक पावसाळा म्हणा, खूश? पण हे सगळं सोडण्याच्या सोयीबद्दल चाललंय. त्यासाठी नियम करा, माझी हरकत नाही. तुकडे करायचा मुद्दा कुठल्या कुठे पडला, तो उचलायला कोणी वाकत नाही, याची नोंद घ्यावी.

कडूलिंब

तुम्ही 'नियम करा' म्हणालात याचा स्क्रीनशॉट घेतला आहे.

टपालखातं

तुमचं चालू द्या. वरच्या एमएक्सच्या कृतीत एक राहिलं. जुन्या पत्त्यावरून नव्यावर फॉरवर्ड लावाल तर एसपीएफ तुटतं, कारण मेल आता मधल्या सर्व्हरच्या आयपीवरून येतो. डीकिम तेवढं टिकतं, पण मेलिंग लिस्टने खाली ओळ चिकटवली की तेही गेलं, आणि पाठवणाऱ्याचं डीमार्क 'रिजेक्ट'वर असेल तर मेल परत. बँकांचं बहुतेक असतंच. त्यामुळे फॉरवर्डच्या भरवशावर राहू नका. जुना डबा नव्या क्लायंटमध्ये आयमॅपनेच जोडून ठेवा आणि बँकेचा पत्ता सगळ्यात आधी बदला.